मावशीच्या नावाचा पास

आमची घरगाडी गल्लीतून बाहेर काढताना समोरच्या वहिनींनी विचारलं, "घर विकलं की काय?" प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. गाडीत शेगडी होती, दोघं झोपतील असा पलंग होता, घडीचा बाक होता, लोणच्याची बरणी होती, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कमोड असलेलं एवढंसं न्हाणीघर होतं. निवृत्त झाल्यावर लोक कुंड्यांत कोथिंबीर लावतात. माझ्या नवऱ्यानं, सुधीरनं, एक जुनी मिनीबस घेऊन तिच्यात संसार थाटला.

तिची नोंदणी 'कॅम्पर' म्हणून करून घ्यायला त्याला जेवढे हेलपाटे पडले, तेवढे आमचं लग्न जमवायला पडले नसतील. झोपायच्या जागा बसायच्या जागांत धरायच्या की नाही, यावर आरटीओतल्या दोन टेबलांची दोन मतं. बस म्हणून कर भरायचा की मोटार म्हणून, यावर तिसरं टेबल. शेवटी एकदाचं नोंदणीचं पुस्तक हातात आलं, आणि सुधीरनं एकूण एक कागद प्लास्टिकच्या पाकिटांत घालून जाडजूड फाईल केली. त्या फाईलला मी सवत म्हणते.

अकोल्याहून निघालो होतो जबलपूरला, सुमनमावशीकडे. माझी ही सगळ्यात धाकटी मावशी लग्न होऊन जबलपूरला गेली ती तिकडचीच झाली. काका कुंडमच्या शाळेत मास्तर. ते शनिवारी घरी यायचे. घर जबलपुरातच, मदनमहालला, आणि ते घर म्हणजे आमच्या सगळ्या गोतावळ्याचा कान्ह्याच्या जंगलाच्या वाटेवरचा हक्काचा मुक्काम. अमरावती म्हणू नका, पुणे म्हणू नका, जिथून कोणी वाघ बघायला निघेल तो आधी मावशीकडे उतरणार. मावशी पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि ठेचा बांधून देणार. मंडळी जंगल फिरून परत येणार आणि तिच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून वाघाच्या गोष्टी सांगणार. ती पोळ्या लाटता लाटता "अच्छा?" म्हणणार. पन्नासेक वर्षं हे असंच चाललं. मावशी स्वतः एकदाही कान्ह्याला गेली नाही. कोणीतरी घरी राहायला हवं होतं ना!

आता काका नाहीत. मावशीचे दोन्ही गुडघे बदललेले. राहत्या घराचा सौदा झालेला, आणि पुढच्या महिन्यात मुलगा तिला कायमची बंगळुरूला नेणार होता. फोनवर ती सहज म्हणाली, "सगळ्यांचे वाघ ऐकून राहिली मी आतापर्यंत. एकदा जंगल पाहिलं असतं तर बरं झालं असतं वं, नीलू. पण आता या गुडघ्यांनी कुठं?" खरी अडचण जंगलाची नव्हती, वाटेतल्या संडासांची होती. तिला खाली बसता येत नाही. मी फोन ठेवला आणि दारातल्या घरगाडीकडे पाहिलं.

त्याच संध्याकाळी बुधवार सकाळची जीप ऑनलाइन पक्की केली. मावशीला पुन्हा फोन लावून आधार कार्डाचा नंबर आकडा-आकडा वाचून घेतला. नाव विचारायचा प्रश्नच नव्हता. स्वतःच्या मावशीचं नाव कोणी विचारतं का? ते मीच भरलं.

नागपूर मागं पडलं, पेंचचं जंगल लागलं आणि सुधीरनं गाडी बाजूला घेऊन शर्ट बदलला. राज्याची हद्द येणार होती. तिथं अडवतील, फाईल मागतील, 'हे काय वाहन आहे' म्हणून विचारतील, याची त्यानं घरी तालीम केली होती. प्रत्यक्षात हद्दीवर एक ओस पडलेली शेड होती आणि तिच्या सावलीत दोन कुत्री झोपली होती. आम्ही मुद्दाम सावकाश गेलो. एका कुत्र्यानं डोळा उघडून पाहिलं.

"एवढी फाईल केली," सुधीर म्हणाला, "आणि बघणारं कोणी नाही."

"परत येताना असेल कोणीतरी," मी म्हटलं. बायकोला नवऱ्याची समजूत कशाकशावरून काढावी लागते!

फाईलचं नशीब मात्र जबलपुरात उघडलं. मदनमहाल स्टेशनच्या अलीकडच्या चौकात एका वाहतूक पोलिसानं शिट्टी मारली. त्यानं गाडीभोवती एक पूर्ण चक्कर मारली, खिडकीतल्या फुलाफुलांच्या पडद्याकडे पाहिलं, आणि विचारलं, "ये गाडी है कि मकान?"

"दोनो," सुधीर उतरून म्हणाला. त्याच्या तोंडावर असा आनंद मी मुलीच्या निकालाच्या दिवशीही पाहिला नव्हता.

"सवारी ढोते हैं? परमिट?"

"सवारी नहीं. प्रायवेट है. ये देखिए, कॅम्पर लिखा है." फाईल उघडली गेली. पाकिटामागून पाकीट. पोलीस दोन पानांनंतर कंटाळला, पण सुधीर थांबेना.

"ठीक है, ठीक है, अंकल," तो शेवटी म्हणाला. "घूमिए आराम से. साल भर से ज्यादा रखेंगे तो यहाँ का नंबर लेना पडेगा, यहाँ का टॅक्स लगेगा." मग त्यानं दारातून आत डोकं घातलं. "इसमें नल भी है?" नळ सोडून दाखवल्यावरच आमची सुटका झाली.

मावशी फाटकात उभी होती. घरात खोक्यांचे ढीग, भिंतींवर तसबिरी काढल्याचे पांढरे चौकोन. मला भरून आलं, पण मावशीनं रडायला सवड दिली नाही. "काहून उशीर झाला? वरण दोनदा गरम केलं मी. जावईबापू, हात धुवा, बसा." सगळं घर बांधून झालं होतं, पोळपाट-लाटणं तेवढं बाहेर होतं.

सकाळी पोहे आणि खोवे की जलेबी (खव्याची, काळपट आणि चांगली जाडजूड) असा नाश्ता झाला. आमच्याकडच्या कुरकुरीत जिलबीची सवय असलेल्यानं हिला जिलबी म्हणावं की गुलाबजाम, असा प्रश्न पडतो. मी तो तीन खाऊन सोडवला. रस्त्यानं जाणारी शेजारीण फाटकाशी थांबून म्हणाली, "मास्टरनीजी, मेहमान आए हैं? फिर शेर देखने?" सगळी गल्ली मावशीला मास्टरनीजीच म्हणते.

"इस बार मैं जा रही हूँ," मावशी म्हणाली. शेजारणीनं ते हसण्यावारी नेलं. सवयच तशी होती.

त्या दिवशी सरावासाठी म्हणून तिला घरगाडीतून भेडाघाटला नेलं. वाहनतळावर पावती फाडणाऱ्यानं आमच्याकडून बसची फी मागितली. सुधीरनं फाईल काढली. महाराष्ट्रात आम्हाला सगळीकडे मोटारीची पावती मिळते, हे त्यानं समजावलं.

"वहाँ मिलती होगी," तो म्हणाला. "यहाँ सीधा हिसाब है. जिसमें आदमी खडा हो सके, वो बस."

आरटीओच्या तिन्ही टेबलांना जी व्याख्या जमली नव्हती ती या माणसानं एका दमात केली. सुधीरनं निमूट पैसे दिले. धुआँधारचा धबधबा मावशीनं कठड्याला धरून पाहिला. तुषार अंगावर यायला लागले तेव्हा तिनं पदर डोक्यावर घेतला, पण मागं सरली नाही. संगमरवराच्या दुकानांत मात्र तिनं आम्हाला फिरकू दिलं नाही. "वजन वाढवू नका गाडीचं," म्हणाली. "पाव्हण्यांनी नेऊन नेऊन अर्धा पहाड रिकामा केला आहे."

मंगळवारी मंडल्याच्या वाटेनं निघालो. मावशी पलंगावर उशीला टेकून राणीसारखी बसली होती आणि घरच्या न्हाणीघराची दर तासाला तारीफ करत होती. वाटेत आमची दोन राज्यांच्या नियमांवर चर्चा रंगली. आमचं ताडोबा मंगळवारी बंद असतं, म्हणून सुधीरनं 'मंगळवार टाळ' असा घोशा लावला होता. इथं मंगळवारी जंगल उघडं आणि बुधवारी दुपारी बंद.

"म्हणजे वाघांना सुट्टी वेगवेगळ्या दिवशी?" मावशीनं विचारलं.

"राज्य वेगळं ना, मावशी."

"बापा! वाघाला माहीत आहे का त्याचं राज्य कोणतं?"

उद्यानाच्या फाटकाशी घरगाडी रात्री उभी करता येत नाही, असं तिथं पोचल्यावर कळलं. थोड्या अलीकडे ढाबा चालवणाऱ्या तिवारीजींनी मागचं अंगण दिलं. बदल्यात त्यांच्या घरच्या सगळ्यांना आमचा नळ बघायचा होता.

बुधवारी उजाडायच्या आत आम्ही फाटकावर हजर. थंडी कडक होती. मावशीनं स्वेटरवर शाल, शालीवर काकांचा मफलर असा बंदोबस्त केला होता. पुऱ्यांचा डबा तिच्या मांडीवर. तिनं तो आदल्या संध्याकाळी तिवारीजींच्या चुलीवर स्वतःच केला होता, कोणाचं ऐकते ती! जीप लागली. पास तपासणाऱ्यानं माझं कार्ड पाहिलं, सुधीरचं पाहिलं. मावशीचं कार्ड त्यानं दोनदा पाहिलं.

"सुमन कौन हैं?"

"ये," मी म्हटलं.

"इनके आधार में तो वैजयंती लिखा है."

मी कपाळावर हात मारला. मावशीचं लग्नातलं नाव! आमच्याकडे लग्नात नवरीचं आडनाव बदलतंच, पण त्या काळी पहिलं नावही बदलत. तांदळाच्या ताटात नवरा अंगठीनं नवं नाव लिहितो, मंडळी पेढे खातात आणि माहेरचे दुसऱ्या दिवसापासून जुन्याच नावानं हाका मारायला लागतात. आम्हा माहेरच्यांची ती सुमनच राहिली. वैजयंती हे नाव काका घ्यायचे, आणि सरकार.

मी त्याला सगळं समजावलं. तांदूळ, अंगठी, ताट, सगळं. माझ्या हिंदीत जेवढं बसलं तेवढं.

"सरनेम बदलता है, मॅडम," तो म्हणाला. "पहला नाम कौन बदलता है?"

"हमारे यहाँ बदलते हैं."

"आपके यहाँ बदलते होंगे. यहाँ तो जो पास में है, वही कार्ड में चाहिए." आवाज चढवून बोलला असता तर मला भांडता तरी आलं असतं, पण तो अगदी नम्रपणे बोलत होता. "नंबर मिल रहा है, नाम नहीं मिल रहा. मैं छोड दूँ तो आगे नहीं छोडेंगे. आप दोनो जा सकते हैं. माताजी नहीं."

मागच्या जीपनं भोंगा वाजवला. आणि मावशी उठून उतरायला लागली.

"जा ना तुम्ही," ती म्हणाली. "पैसे भरले आहेत, काहून वाया घालवता? मी गाडीत बसते. येईपर्यंत गरम पुऱ्या करून ठेवते."

ती हे इतक्या सहज म्हणाली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चीड आली म्हणून आलं. चूक माझी, नियम त्यांचा, आणि मागं राहणार पुन्हा हीच! त्यात तिला काही वावगंही वाटत नव्हतं.

"कोणी जात नाही," मी म्हटलं. "सुधीर, उतर खाली." सुधीर उतरला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कुठल्या आवाजाला लगेच उतरायचं हे त्याला कळतं. आमची जीप रिकामीच बाजूला झाली.

तिकीट खिडकी उघडेपर्यंत आम्ही बाकावर बसून त्या पुऱ्या खाल्ल्या. पास तपासणारा येऊन दोन घेऊन गेला. त्याच्यावरचा माझा राग तिथंच अर्धा झाला. दुपारी जंगल बंद, म्हणजे आता गुरुवार सकाळ. आणि गुरुवारी दुपारी मावशीच्या घरी खोकी न्यायला ट्रक येणार होता. खिडकीतल्या माणसानं यंत्रात पाहून मान हलवली. सगळं भरलेलं. मग पुन्हा पाहिलं.

"एक सीट है. किसी ने छोडी है अभी. दूसरे लोगों के साथ बैठना पडेगा."

अख्ख्या जीपऐवजी एकच जागा मिळते, हे मला नवीन होतं. ताडोब्याला आम्ही नेहमी सगळी जीपच घेत आलो होतो.

"तू जा, नीलू," मावशी लगेच म्हणाली. "तुला फोटो काढायचे असतात."

"मी चार वेळा आले आहे इथं. तुझ्याच पुऱ्या खाऊन."

"अवं, पण मी एकटी? अनोळखी लोकांत? बाजारातसुद्धा कोणी ना कोणी सोबत असते माझ्या."

"वाघही एकटाच असतो," सुधीर म्हणाला. त्याच्या तोंडून कधीकधी कामाचं निघतं.

मावशीनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा फाटकाकडे. मग मफलर सारखा करून ती खिडकीशी गेली.

"नाम बोलिए, आधार वाला."

मी तोंड उघडलं होतं. मावशीनं हातानंच मला गप्प केलं. "वैजयंती," ती म्हणाली. मग जरा मोठ्यानं, "वैजयंती. लिखिए."

गुरुवारी पहाटे सुधीरनं घरगाडीची पायरी सोडवून जीपपाशी नेऊन ठेवली, तेव्हा कुठं मावशीला वर चढता आलं. जीपमध्ये भोपाळचं एक कुटुंब आणि कोलकात्याचं एक जोडपं होतं. गाईडनं नावं पुकारली. "वैजयंतीजी?" मावशीनं शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला. कालचाच माणूस पास तपासत होता. त्यानं कार्ड पाहिलं, हसला, आणि फाटक वर केलं. जीप सालवृक्षांमधल्या धुक्यात शिरली. मफलरचं टोक तेवढं थोडा वेळ दिसत राहिलं.

आणि आम्ही मागं राहिलो.

आता सांगते, मागं राहणं हे सोपं काम नाही. पहिला अर्धा तास मी चहा घेतला. मग मला थंडीची काळजी लागली, मग गुडघ्यांची. आत तिला जायची वेळ आली तर? जीप उडाली आणि पाठ दुखली तर? मी सुधीरला विचारलं, त्यानं मला विचारलं. वाघाला बघून ही घाबरली तर काय करायचं, असंही एकदा त्यानं विचारलं. शेवटी हाताला काम हवं म्हणून मी कणीक मळायला घेतली. शेगडीवर भाजी टाकली. रस्त्यावर कुठलीही गाडी वाजली की दारातून डोकावायचं, आणि परत लाटायला लागायचं. आमच्या वेळी मावशीनं हे किती वेळा केलं असेल! आम्ही तर दरवेळी उशीर करायचो, वाटेत चहाला थांबायचो.

पहिल्या पुऱ्या वातड झाल्या. दुसऱ्या घाण्याला सुरुवात केली तेवढ्यात जीप आली.

मावशी धुळीनं लाल झाली होती. डोक्यावर कोणाची तरी टोपी, मफलर हातात. भोपाळच्या मुली ओरडत होत्या, "वैजयंती आंटी, फोटो भेजेंगे!" सुधीरनं पायरी लावली. ती उतरून सरळ घरगाडीत आली आणि बाकावर बसली.

सगळे विचारतात तोच प्रश्न मी विचारला. "दिसला का?"

"आधी वाढ," मावशी म्हणाली. "मग सांगते."

मी वाढलं. तिनं एक पुरी खाल्ली, दुसरी खाल्ली. "तेल जरा कमी तापलं तुझं," म्हणाली. मग तिसरी घेतली आणि सुरू झाली. वाघ दिसला नव्हता. पंजाचा ठसा दिसला होता, ओल्या मातीत, "एवढा, माझ्या पोळपाटाएवढा." बारशिंगे दिसले, पाण्यात पोटापर्यंत उभे, शिंगांवर गवत अडकलेलं. एक मोर रस्ता सोडेना म्हणून जीप थांबून राहिली. गाईडनं गप्प बसायला सांगितलं तर कोलकात्याच्या बाई काही केल्या गप्प बसेनात. मावशीनं त्यांची नक्कल करून दाखवली. मी पुऱ्या तळत ऐकत होते. मध्येमध्ये मी काय म्हणत होते हे सुधीरनं नंतर सांगितलं. मी "अच्छा?" म्हणत होते.

मंडला आलं, गेलं, मावशीचं जंगल संपलं नव्हतं. जबलपुरात शिरताना ती एकदम थांबली. "नाव पुकारलं ना त्यानं," ती म्हणाली, "तर मला वाटलं हे कुठून आले." एवढंच. मग ती खिडकीतून मदनमहालच्या टेकडीकडे बघत राहिली.

ट्रक दारात उभाच होता. खोकी गेली. पोळपाट-लाटणं मावशीनं माझ्या गाडीत ठेवलं.

अकोल्याला परतताना सुधीर फाईलमध्ये नवी पावती खोचून नियमांचा हिशेब लावत होता. इथं बस, तिथं मोटार. इथं बुधवार, तिथं मंगळवार. प्रत्येक राज्याचं आपापलं, आणि आपण हद्द ओलांडली की आपलं शहाणपण तिथल्या कुत्र्यांच्या हवाली करायचं. पण पाव्हण्यांनी वाघ बघायचा आणि मावशीनं घरी पुऱ्या तळायच्या, हा नियम मात्र मी ज्या ज्या राज्यात पाहिला तिथं सारखाच पाहिला, आणि त्याची पाटी कुठंच लावलेली नव्हती. आमच्याकडून तो मोडला गेला, तोही माझ्या चुकीमुळे. ही चूक मी आता सगळ्यांना अभिमानानं सांगते.

मागच्या आठवड्यात बंगळुरूहून मावशीचा फोन आला. तब्येत, सून, नातवंडं, सगळं झालं. मग आवाज खाली आणून तिनं विचारलं, "नीलू, तुमच्या ताडोब्याला एकट्या बाईला एक जागा देतात का वं? विचारून ठेव. आणि नाव मी सांगीन, तू भरू नको."